आंधी, म्हातारी आणि नवरी

परवा दुपारी आमच्या जयपूरच्या विद्याधर नगरवरचं आभाळ आधी पिवळं झालं, मग कुणी त्यात कात कालवावा तसं लालसर. समोरच्या गच्चीवर फडफडणारे कपडे एकदम गप्प झाले. आंधी यायच्या आधी वारा असा पडतो, कडुनिंबाचं पानही हलत नाही, आणि मग नाकाला तो वास येतो. पावसाच्या वासाचं कौतुक करणारे ढीगभर आहेत. धुळीच्या वासाला कोण विचारतं? तापलेली रेती, वाळलेल्या निंबोळ्या, कुठलंतरी जुनं शेण. माझ्या नाकाला त्यात आणखी एक वास हमखास येतो, तो म्हणजे पेट्रोलचा. बाकी कुणाला येत नाही, मी विचारून पाहिलंय.

मी उठेपर्यंत आई उठली होती. गुडघे साथ देत नाहीत, तरी भिंतीला धरत धरत ती नंदूच्या खोलीत गेली आणि खिडक्या लावायला लागली. नंदू म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो पुण्याला असतो, त्याचे केस पांढरे झाले, त्याच्या खोलीत आता इस्त्रीचे कपडे आणि एक जुनी गादी राहते. पण आंधी आली की या घरातली पहिली खिडकी तीच लागते. स्वयंपाकघरात धूळ गेली तरी चालेल, देवांवर बसली तरी चालेल. मी एकदा बोलले होते. तर मला म्हणाली, "तू लाव नं तुझ्या."

आम्ही अमरावतीहून जयपूरला आलो तेव्हा हे विद्याधर नगर नकाशावर होतं, आणि नकाशाबाहेर नुसती रेती न् रुईची झुडपं. बाबा केंद्र सरकारच्या पाणी शोधणाऱ्या एका खात्यात होते. जमिनीखाली कुठे किती खोल पाणी आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. अमरावतीत संत्र्याच्या बागांमध्ये ते जमून जायचं. इथे आल्यावर ते रोज वाळवंटाकडे जायचे आणि संध्याकाळी भुवयांवर धूळ घेऊन परत यायचे. आमेरच्या रस्त्यावर खात्याचं मोठं आवार होतं. पुढे ऑफिस, मागे चार क्वार्टर, त्यातलं एक आमचं, मध्ये एक पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये दोघी राहायच्या.

दोघीही विलायती. दोघीही चारही चाकांना जोर असलेल्या, रेतीतून ओढत जाणाऱ्या. पण एकीचं वय माझ्या आईएवढं, आणि दुसरी त्याच वर्षी कुठल्याशा परदेशी मदतीच्या प्रकल्पातून आलेली. पहिली हिरवी, पोचे पडलेली, वर कॅनव्हासचं छप्पर, बाजूला कॅनव्हासचे पडदे, पुढे बंपरला छागल, म्हणजे पाण्याची कापडी पिशवी, टांगलेली. दुसरी पांढरीशुभ्र, काचांची, आत गादीच्या सीटा आणि गार हवा. आवारात सगळे पहिलीला 'बूढ़ी' म्हणायचे आणि दुसरीला 'दुल्हन'. आमच्या घरात लगेच त्यांची म्हातारी आणि नवरी झाली.

आता खरं सांगते. म्हातारी दर आठवड्याला बंद पडायची. कधी पाणी उकळायचं, कधी पट्टा तुटायचा, कधी नुसतीच रुसायची. भंवरजी, खात्याचे ड्रायव्हर, उंच, मिशीवाले, बोलण्यात कुणाला हार न जाणारे. ते पुढे जाऊन लोखंडी दांडा घालून फिरवायचे, बॉनेटवर थाप मारायचे, तिच्याशी मारवाडीत काहीतरी गोड बोलायचे, आणि ती खोकत खोकत चालू व्हायची. तर तिची ख्याती काय? तर "पुरानी कभी धोखा नहीं देती."

आणि नवरी? नवरी एकदाही बंद पडली नाही. एकदाही. आणि तिची ख्याती काय? तर "इसका भरोसा नहीं." हिच्यात फार वायरी आहेत, ही रेतीत कधी दगा देईल सांगता येत नाही, हिचं काही बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, हिला तर उघडायचं कुठून तेच कळत नाही. चहाच्या टपरीवर, शेडमध्ये, आमच्या जेवणाच्या पाटावर, सगळीकडे हेच. ज्या साहेबासाठी ती आली, तो लाल मानेचा, मऊ बोलणारा इंग्रज, तोही म्हातारीतच बसायचा. आमच्या देशात पूर्वी अशा गाड्या बनायच्या, असं तो बाबांना म्हणाल्याचं बाबा फार अभिमानानं सांगायचे, जणू ती गाडी बाबांनीच बनवली होती. नवरी बिचारी शेडमध्ये उभी. भंवरजी रोज तिला पुसायचे, आवारात एक फेरी मारून आणायचे आणि परत कापड घालून ठेवायचे.

बाबांचं एक लाडकं तत्त्वज्ञान होतं. भरवसा म्हणजे कधी बंद न पडणं नव्हे, बंद पडल्यावर पुन्हा चालू होणं. हे ते वरण-भात कालवता कालवता सांगायचे. आई वाढता वाढता ऐकायची. मला तेव्हा बाबांचं म्हणणं फार मोठं वाटायचं. आता वाटतं, वाढणाऱ्या बाईसमोर हे बोलायला माणसाला भलतीच हिंमत लागते.

त्या दिवसांत सगळ्यालाच एक झोपाळलेपण होतं. दुपारी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं की खोलीत ओला, हिरवा अंधार व्हायचा. बाहेर फालसेवाला हाक मारत जायचा, त्याची हाक उन्हात वितळून शेवटी नुसता 'से' उरायचा. मी सातवीच्या सुटीत होते, फरशीवर पालथी पडून, फालशांनी जांभळी झालेली जीभ आरशात बघत. नंदू माझ्याशेजारी. तो सहा वर्षांचा, हाडं मोजून घ्यावीत असा, आणि त्याला दमा. अमरावतीत थोडासा होता. इथल्या धुळीनं त्याला धरलंच. आंधी आली की त्याच्या छातीत कुणीतरी बारीक शिट्टी वाजवायला बसायचं. आई रात्ररात्र दाराशी अंग टाकायची आणि त्याचा श्वास ऐकायची. डोळे मिटलेले, पण शिट्टी जरा बदलली की उठून बसलेली. तिला तो आवाज भिंतीपलीकडूनही कळायचा. आम्हाला वाटायचं, आईला झोपच लागत नाही. लागत असेल, पण कान जागे असायचे.

त्या ज्येष्ठात आईनं कुरडया घातल्या होत्या. आवारातल्या बायकांना गव्हाचा चीक म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, त्या तोंडात बोट घालून बघत होत्या. गच्चीवर दोन खाटा, त्यावर धोतरं, त्यावर पांढरी शुभ्र वेटोळी. नंदू आणि मी राखणीला, कावळे हाकायला. अर्धवट वाळलेली कुरडई खायला काय लागते म्हणून सांगू! बाहेरून कडक, आत चिकट. नंदू ती लपवून खायचा आणि मी त्याला पकडायची, मग दोघं मिळून खायचो.

आणि एके दुपारी नाहरगड किल्ल्याच्या मागून ती आली. काळीपिवळी आंधी म्हणतात तिला. डोंगराएवढी भिंत, वरून पिवळी, पोटात काळी, आवाज न करता चालत येणारी. किती सुंदर दिसायची ते सांगायची सोय नाही. आम्ही दोघं तोंड उघडं टाकून बघत राहिलो. वारा पडलेला, पारवे घिरट्या घालत होते, किल्ल्याची भिंत आधी तांबूस झाली आणि मग नाहीशीच झाली. खालून आईनं हाक मारली तेव्हा पहिला लोट आमच्या अंगावर आला होता. कुरडया उडाल्या. खरंच उडाल्या, पांढऱ्या पाखरांसारख्या आवारभर. आईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिनं नंदूला पदरात गुंडाळलं आणि खाली नेलं.

तोपर्यंत उशीर झाला होता. त्या दिवशीची शिट्टी निराळी होती. थोड्या वेळानं ती शिट्टीही थांबली, आणि ते जास्त वाईट, हे मला आईच्या तोंडावरून कळलं. नंदूच्या गळ्याखालचा खड्डा आत ओढला जात होता, बरगड्यांमधली कातडी आत जात होती, आणि ओठ, फालसे न खाताही, जांभळे. वाफ दिली, तेल चोळलं. आमेरच्या छोट्या दवाखान्यातला कंपाउंडर आवाराशेजारीच राहायचा. त्यानं बघितलं आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ता न्या, एवढंच सांगितलं.

भंवरजींनी तोवर म्हातारी बाहेर काढली होती. दांडा फिरवून, एका दमात चालू. ते स्वतःच चकित झाले आणि आम्हाला म्हणाले, बघा, कळतं तिला. बाबा नंदूला उचलून म्हातारीकडे निघाले. आवारात जमलेले सगळे, आपापल्या तोंडाला फडकं लावून, तेच म्हणत होते, पुरानी ले जाओ, पुरानी. आणि कॅनव्हासचे पडदे वाऱ्यानं फाटफाट आपटत होते, त्यांच्या फटींतून धूळ आत शिरत होती, सीटवर बोटभर थर बसला होता.

आई तिथेच थांबली. म्हणाली, नवरी काढा.

बाबांनी नंदूला तिच्या हातात दिलं. नवरी प्रकल्पाची, साहेबाशिवाय कुणी बसायचं नाही, वरून हुकूम लागतो. ते धावत ऑफिसात फोन लावायला गेले. आंधीत फोन कधीचाच मेलेला. परत आले ते घाम आणि धुळीनं चिखल झालेला चेहरा घेऊन. भंवरजी हात जोडून उभे होते. त्यांना बाकी कशाची भीती नव्हती, पण या गाडीवर त्यांचा खरंच विश्वास नव्हता. मध्येच थांबली तर मी हिला उघडू कुठून, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "बाईसा, पुरानी धोखा नहीं देती."

"भैया, मला गाडी नाही पाहिजे," आई म्हणाली. "मला काच पाहिजे. बंद होणारी काच."

एवढंच. आणि ती कापड ओढून, दार उघडून, नंदूला घेऊन आत जाऊन बसली. मी तिच्यामागे. त्या आवारात महिनोन्महिने भरवशावर एवढं बोलणं झालं, इंजिनाबद्दल, पट्ट्यांबद्दल, चाकांबद्दल; पण धूळ कोणत्या गाडीत शिरत नाही हे एकानंही कधी बघितलं नव्हतं. धूळ सगळेच खायचे. धुळीनं मरू शकणारं पोर फक्त तिचं होतं.

दार लागलं आणि जग बंद झालं. अजूनही मला कधीकधी स्वप्नात तो आवाज येतो, रबराच्या पट्टीवर दार बसल्याचा, मऊ, घट्ट. बाहेर सगळं उडत होतं आणि ऐकू काही येत नव्हतं. गार हवा नंदूच्या तोंडावर. नव्या सीटांचा आणि पेट्रोलचा वास. काचेपलीकडे सगळं तपकिरी. त्या तपकिरीतून एखादा दिवा यायचा, एखादी उंटगाडी, डोक्यावर पोतं घेतलेला माणूस, आणि परत काही नाही. बाबा पुढे भंवरजींच्या शेजारी, मान ताठ करून बसलेले. वाटेतल्या तळ्यातला जलमहाल कुठे गेला, पाणी कुठे गेलं, काही दिसलं नाही. आम्ही रस्त्यावरून जात होतो की कशातून, मला सांगता आलं नसतं. आई नंदूच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि खिडकीला कान लावून बसल्यासारखी बसली होती.

शहराच्या वेशीवरच्या जोरावरसिंह दरवाजाच्या अलीकडे गाडी थांबली. समोर रस्त्याच्या मधोमध एक हत्ती उभा होता. आमेरच्या किल्ल्यावरून परतणारा, कपाळावर खडूची नक्षी, डोळे मिटलेले. माहूत त्याच्या मानेवर पालथा पडून, पगडी तोंडावर ओढून. वाऱ्यात हत्ती चालत नाही म्हणे. तो असा शांत उभा होता की आंधी त्याच्यासाठी नव्हतीच. किती सुंदर होतं ते, आणि माझ्या मांडीला नंदूचे पाय गार लागत होते.

आणि भंवरजी घाबरले. म्हातारीत सारी उमर गेलेली. ती उभी असली तरी थरथरते, खडखडते, तुमचे दात वाजवते. इथे काहीच आवाज नाही. त्यांना वाटलं, पडली बंद. शेवटी दिलाच दगा. त्यांनी किल्ली फिरवली, तर अशी काही कर्रर्र किंचाळी निघाली की बाबा दचकले. परत फिरवली, परत तीच किंचाळी. भंवरजींनी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. बाबा पुढे बघतच म्हणाले, मी सांगत होतो.

"बंद नाही पडली," आई मागून म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "चालू आहे, भैया. आवाज नाही करून राहिली, एवढंच."

भंवरजींनी मागे वळून पाहिलं. मग त्यांनी हळूच पाय दाबला आणि गाडी सरकली. हत्तीच्या पोटाला अगदी लागून, त्याच्या शेपटीच्या बाजूनं, आम्ही निघून गेलो. ज्या बाईनं रात्रीच्या रात्री भिंतीपलीकडून पोराचा श्वास ऐकला, तिला इंजिनाचा श्वास ऐकू येणारच. पण हे मला आज सुचतं. तेव्हा मला वाटलं, आईला सगळं येतं.

दवाखान्यात सुई दिली, नाकाशी नळी लावली. संध्याकाळी नंदूनं कुरडई मागितली, तेव्हा बाबा बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. मी पाहिलं. आई रडली नाही, तिनं त्याला सांगितलं, कुरडया उडाल्या. पुढे वरून विचारणा झाली, गाडी कुणाच्या हुकमानं काढली म्हणून. तेव्हा त्या मऊ बोलणाऱ्या साहेबानं माझ्या हुकमानं, असं सांगून टाकलं. तो त्या दिवशी जयपुरात नव्हता. मी त्या माणसाला अजून दुवा देते.

तुम्हाला वाटेल, नवरीचं नाव झालं असेल. छे! दुसऱ्या दिवसापासून आवारात एकच गोष्ट: दुल्हन जोरावरसिंह दरवाजाजवळ बंद पडली. कशीबशी पोचली, पोराचं नशीब. भंवरजी सांगायचे, टपरीवाला सांगायचा, आणि बाबाही मान हलवायचे. एवढ्या महिन्यांत कधी बंद न पडलेली गाडी, बंद पडली नसतानाच बंद पडली म्हणून बदनाम झाली. नंदूला घरी आणलं ते म्हातारीतून. आंधीनंतरची धुतल्यासारखी हवा, पडदे गुंडाळलेले, तो पुढे भंवरजींच्या मांडीवर बसून भोंगा वाजवत आला. त्याला तेच आठवतं. जीव वाचल्यावरचं.

उडालेल्या कुरडया बायकांनी आवारभर वेचून आणून दिल्या होत्या. आईनं त्या झटकल्या, तळल्या. दाताखाली कचकच रेती. पाहुण्यांना काही त्या वाढता आल्या नाहीत, आम्हीच वर्षभर खाल्ल्या.

आता हे सगळं का काढून बसले, तर नंदूमुळे. त्यानं पुण्याला एक जुनी विलायती गाडी घेतलीय. अगदी म्हातारीसारखी, हिरवी, पोचे पडलेली. रविवारभर तिच्याखाली पडलेला असतो, हात काळे करून. परवा आंधी ओसरली, मी ओल्या फडक्यानं फरशी पुसत होते, आणि त्याचा फोन आला. मी स्पीकर लावून फोन आईच्या मांडीवर ठेवला. आधी त्यानं गाडीचा आवाज ऐकवला. खोकत खोकत ती चालू झाली. मग तो मागे कुणालातरी, बहुतेक त्याच्या मुलीला, मोठ्यानं सांगायला लागला. मी लहानपणी मरत होतो ना, तेव्हा अश्शाच गाडीनं मला दवाखान्यात पोचवलं. भर आंधीत. सगळे नव्या गाडीच्या मागे होते. पण जुनी ती जुनी, तिनं दगा दिला नाही. आजीला विचार पाहिजे तर.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फडकं टाकून मी फोनकडे हात केला. आता सांगतेच याला, म्हटलं, कोणती गाडी, कुणी काढायला लावली, कुणाच्या शब्दावर ती हत्तीच्या बाजूनं निघाली. आईनं माझा हात धरला. तिचा हात हलका झालाय आता, पण धरला तो घट्ट. ती फोनकडे कान करून बसली होती, डोळे मिटल्यासारखे. नंदूचं बोलणं संपलं होतं. तिकडे तो गाडीपासून घराकडे दोन जिने तरी चढला असावा, त्याचा श्वास मोठ्यानं येत होता, आणि ती तो ऐकत होती. खोल, लांब, न अडकणारा श्वास. आत, बाहेर. आत, बाहेर. खिडकीच्या फटीशी अजून थोडी धूळ उन्हात तरंगत होती.

"हॅलो?" नंदू म्हणाला. "आई? हॅलो? कट झाला वाटतं."

"नाही रे, बाळा," आई म्हणाली. "कट नाही झाला. मी आहे."